द्विमितीय पदार्थांवर संगणकीय पीएचडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न माझ्याकडे पुन्हापुन्हा येतात: एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींकडून, नुकतीच नोंदणी झालेल्यांकडून, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षात एखाद्या आलेखापाशी अडकून पडलेल्यांकडून. आधीचे प्रश्न प्रवेशापूर्वीचे आहेत, नंतरचे काम सुरू झाल्यावरचे. संगणकातून आकडा काढणं आता सोपं झालंय. तो आकडा नेमका कशाचा आहे हे ओळखायलाच पीएचडीची वर्षं लागतात, म्हणून त्या प्रश्नांची उत्तरं लांब आहेत.

१. द्विमितीय पदार्थ म्हणजे नक्की काय? कागदही पातळच असतो की.

कागदाएवढ्या, म्हणजे ०.१ मिलिमीटर जाडीत ग्राफाइटचे सुमारे तीन लाख थर मावतात. द्विमितीय पदार्थात असा एकच थर असतो, किंवा फार तर मोजके. इलेक्ट्रॉनला त्या प्रतलात मोकळं फिरता येतं, वर-खाली जायला जागाच नसते, आणि त्यामुळे पदार्थाचं वागणं मुळापासून बदलतं.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ग्राफीनचं. षटकोनी जाळीत बसलेले कार्बनचे अणू, शेजारच्या दोघांमधलं अंतर १.४२ अँगस्ट्रॉम. त्याचा ऊर्जापट्ट्यांचा आलेख वॉलेस यांनी १९४७ मध्येच कागदावर काढला होता. प्रत्यक्ष थर सुटा करून त्याचे विद्युत गुणधर्म मोजले ते आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलॉव्ह यांनी २००४ मध्ये मँचेस्टरला, तेही साध्या चिकटपट्टीने. २०१० चं नोबेल त्यांना मिळालं. त्याच वर्षी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर जाड स्फटिकापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश देतो हे दिसून आलं. कारखान्यात वंगण म्हणून वापरला जाणारा हा काळा पदार्थ! आज या कुटुंबात विद्युतरोधक (हेक्झागोनल बोरॉन नायट्राइड), अर्धवाहक, अतिवाहक (नायोबियम डायसेलेनाइड) आणि चुंबक (क्रोमियम ट्रायआयोडाइड) सगळेच आहेत.

२. यात संगणकावर नेमकं काय करायचं असतं?

अणूंच्या जागा द्यायच्या आणि इलेक्ट्रॉन कसे वागतील ते क्वांटम यांत्रिकीने काढायचं. श्रोडिंजरचं समीकरण शंभर इलेक्ट्रॉनांसाठी जसंच्या तसं सोडवणं अशक्य आहे, कारण त्यात तीनशे चल येतात. होहेनबर्ग आणि कोन यांनी १९६४ मध्ये सिद्ध केलं की मूळ अवस्थेसाठी इलेक्ट्रॉनांची घनता पुरते, आणि घनतेला चल तीनच. पुढच्या वर्षी कोन आणि शॅम यांनी ती घनता काढण्याची व्यवहार्य रीत दिली. हीच डीएफटी (डेन्सिटी फंक्शनल थिअरी). वॉल्टर कोन यांना १९९८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते यासाठीच.

सिद्धांत अचूक आहे. मात्र त्यातल्या एका पदाचं, एक्सचेंज-कोरिलेशनचं (इलेक्ट्रॉनांच्या एकमेकांवरच्या क्वांटम परिणामांचं), नेमकं सूत्र कोणालाच माहीत नाही. तिथे अंदाज वापरावा लागतो. १९९६ चा पीबीई हा त्यातला सर्वाधिक वापरला जाणारा अंदाज. पुढच्या बहुतेक अडचणी या एका जागेतून उगवतात.

३. मला कोडिंग येत नाही, आणि माझं एमएस्सी केमिस्ट्रीत झालंय. चालेल का?

चालेल. केमिस्ट्री, मटेरियल सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स या विषयांतून आलेले अनेक जण या क्षेत्रात आहेत. क्वांटम यांत्रिकी आणि घनस्थिती भौतिकी यांचा पाया मात्र टाळता येत नाही. ब्लॉखचं प्रमेय, ब्रिलुआँ झोन आणि पर्टर्बेशन थिअरी स्वतःच्या हाताने वहीत सोडवून बघा. लिनक्स टर्मिनल, थोडं पायथन आणि शेल स्क्रिप्ट काम करता करता काही महिन्यांत जमतं. तयार कोड वापरणाऱ्यालाही त्याच्या आत काय चाललंय ते कधी ना कधी वाचावंच लागतं.

४. प्रवेश कसा मिळतो आणि फेलोशिप किती?

सीएसआयआर-यूजीसी नेट, गेट आणि जेस्ट या तीन परीक्षांवर बहुतेक दारं उघडतात. टीआयएफआरची परीक्षा स्वतंत्र असते. राज्य विद्यापीठांची स्वतःची पीएचडी प्रवेश परीक्षा, पेट, असते, आणि २०२४-२५ पासून नेटचा स्कोअर पीएचडी प्रवेशासाठी धरण्याची मुभा यूजीसीने दिली आहे. सेट ही राज्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्याने प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, फेलोशिप नाही. हा गोंधळ दरवर्षी दिसतो.

जेआरएफचे (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, सीनियर (एसआरएफ) झाल्यावर ४२,०००, शिवाय नियमानुसार घरभाडं. महाराष्ट्रातल्या उमेदवारांसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप वेगळ्या असतात. त्यांच्या जाहिराती ठरलेल्या तारखेला येतीलच असं नसतं, त्यामुळे नोंदणीची कागदपत्रं आणि जात प्रमाणपत्र आधीच तयार ठेवा.

५. लॅपटॉप कोणता घेऊ? गावी राहून काम होईल का?

मोठं गणित लॅपटॉपवर चालतच नाही, ते क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, चालतं (प्रश्न ६). त्यामुळे लिनक्स नीट चालेल आणि कीबोर्ड चांगला असेल असा साधा लॅपटॉप पुरतो. टर्मिनलवर फक्त अक्षरं जातात-येतात, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही जॉब टाकता येतो. पण पहिलं वर्ष तरी ग्रुपमध्ये बसूनच काढा. शेजारच्या टेबलावरचा सीनियर आउटपुट फाइल कशी वाचतो हे बघून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही व्हिडिओतून कळत नाही.

६. एवढी संगणकशक्ती मिळते कुठून?

काही ग्रुपचा स्वतःचा छोटा क्लस्टर असतो, नाहीतर संस्थेचा सामायिक असतो. त्यापलीकडे २०१५ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन आहे: आयसर पुण्यात परम ब्रह्म, बेंगळुरूच्या आयआयएससीत परम प्रवेग, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता इथे सुरू झालेले तीन परम रुद्र. पुण्याचं या बाबतीतलं नातं जुनं आहे. सी-डॅकने परम ८००० इथेच १९९१ मध्ये उभा केला, आणि पुण्यातलाच एका खासगी कंपनीचा «एका» नावाचा सुपरकॉम्प्युटर नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा होता.

वेळ मागताना किती कोर, किती तास आणि का, हे लिहून द्यावं लागतं. तिथे एक नियम उपयोगी पडतो: साध्या डीएफटीचा खर्च अणूंच्या संख्येच्या घनाने वाढतो. अणू दुप्पट, तर वेळ आठपट.

७. कोणतं सॉफ्टवेअर शिकू?

तुमचा गाईड वापरतो ते. क्वांटम एस्प्रेसो, सिएस्टा, जीपॉ आणि अबिनिट मोफत आहेत. व्हिएन्नात तयार झालेल्या व्हॅस्पचा परवाना ग्रुपला विकत घ्यावा लागतो. परवाना नसताना मित्राकडून व्हॅस्प आणून चालवू नका. पेपर छापायची वेळ आली की हे उघड होतं, आणि त्रास तुमच्यासोबत मित्रालाही होतो.

८. विषय कसा निवडू? रोज नवा पदार्थ छापून येतोय.

«हा पदार्थ अजून कोणी केला नाही» एवढ्यावर प्रबंध उभा करू नका. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका गटाने एक लाखाहून जास्त ज्ञात संयुगं चाळून सोलता येण्याजोगे १,८२५ पदार्थ शोधले. डेन्मार्कच्या सी२डीबी संग्रहात हजारो थरांचे बँड (ऊर्जापट्टे), फोनॉन (अणूंची सामूहिक कंपनं), लवचिकता सगळं तयार आहे. तुमचा «नवा» पदार्थ तिथे बहुधा आधीच बसलेला असतो.

टिकतो तो प्रश्न, पदार्थ बदलता येतो. उदाहरणार्थ, गंधकाचा एखादा अणू गळाल्यावर इलेक्ट्रॉन तिथे किती काळ अडकतो? ताण दिल्यावर चुंबकत्वाची दिशा का वळते? प्रश्न असा असेल तर दुसऱ्या कोणी तुमच्याच पदार्थावर आधी पेपर काढला तरी काम वाया जात नाही, उलट पडताळायला एक आकडा मिळतो. विषय ठरवायच्या आधी प्रयोग करणाऱ्या एखाद्या गटाशी बोला. त्यांना नेमकं काय मोजता येतं हे कळलं की निम्मे विषय आपोआप गळतात.

९. किती वर्षं लागतात? पेपर छापलाच पाहिजे का?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्कसह किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना त्याउपर दोन वर्षांची सवलत आणि प्रसूती-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ही रजा मागायला संकोच करू नका, तो हक्क आहे. प्रबंधाआधी पेपर छापण्याची देशपातळीवरची सक्ती याच नियमांनी काढली. तुमच्या संस्थेचा वेगळा नियम असू शकतो, आणि पोस्टडॉकसाठी पेपर लागतातच.

१०. कन्व्हर्जन्स करताना द्विमितीय पदार्थात वेगळं काय बघायचं?

कन्व्हर्जन्स म्हणजे सेटिंग आणखी बारीक केली तरी उत्तर बदलत नाही ना, ते तपासणं. कटऑफ (किती लहरी धरायच्या) आणि के-पॉइंट (ब्रिलुआँ झोनमधले किती बिंदू घ्यायचे) सगळ्यांनाच बघावे लागतात. इथे भर पडते व्हॅक्यूमची. बहुतेक कोड तिन्ही दिशांना तीच रचना अनंत वेळा मांडतात, त्यामुळे तुमच्या थराच्या वर-खाली त्याच्याच प्रती असतात. मध्ये १५ ते २० अँगस्ट्रॉम रिकामी जागा सोडली की साध्या कामाला पुरते.

पण ही सवय आंधळी होऊ देऊ नका. ज्या थराच्या दोन बाजू वेगळ्या आहेत, जसं एका बाजूला गंधक आणि दुसऱ्या बाजूला सेलेनियम असलेला २०१७ मध्ये तयार झालेला जेनस थर, तिथे दोन बाजूंतल्या विभवाच्या फरकाची दुरुस्ती, डायपोल करेक्शन, लागतं. थरावर विद्युतभार असेल तर व्हॅक्यूम वाढवून उत्तर स्थिरावत नाही, उलट बिघडत जातं. तिथे कूलोम बल मध्येच कापणारी पद्धत वापरा. जीडब्ल्यू गणनेतही (डीएफटीच्या पुढची, गॅप जास्त अचूक देणारी पद्धत) तेच.

११. ताई, एकाच थराच्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा बँड गॅप मला १.७ आला, एका पेपरात २.७ आहे, प्रयोगात १.९. खरा कोणता?

बँड गॅप म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापट्ट्यांमधली दरी. तिन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण ते तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि व्हायवातही (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत) तो बहुतेक येतोच.

१.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट हा पीबीईतल्या दोन पातळ्यांमधला फरक. त्या पातळ्या घनता काढण्यासाठीचं साधन आहेत. त्यांच्यातला फरक म्हणजे खरा गॅप असं कुठलंही प्रमेय सांगत नाही, आणि पीबीईत तो सहसा कमीच येतो. २.७ च्या आसपासचा आकडा जीडब्ल्यूचा: मोकळ्या अवकाशात तरंगणाऱ्या थरातून एक इलेक्ट्रॉन काढायला आणि एक नवा घालायला लागणाऱ्या ऊर्जांमधला फरक. टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने मोजतात ती ही राशी. १.९ हा प्रकाशाचा आकडा. प्रकाश पडल्यावर इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेलं होल (रिकामी जागा) एकमेकांना धरून राहतात, त्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. सिलिकॉनमध्ये ही पकड जेमतेम ०.०१५ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. एका थरात दोघांमधलं विद्युतक्षेत्र बरंचसं बाहेरच्या पोकळीतून जातं, तिथे त्याला अडवणारं काही नसतं, म्हणून पकड अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या किंवा त्याहून वरच्या घरात जाते. तेवढीच ऊर्जा वजा होऊन प्रकाशाला कमी गॅप दिसतो.

आता १.७ आणि १.९ जवळ आले ते योगायोगाने. पीबीईने गॅप कमी दिला आणि आपण एक्सायटॉन धरलाच नाही, दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. «पीबीई प्रयोगाशी जुळतं» असं वाक्य प्रबंधात लिहिलंत तर परीक्षक तिथेच थांबेल. जुळतं म्हणून तीच पद्धत दुसऱ्या पदार्थाला किंवा दोन थरांच्या जोडणीला लावली की झाकण निघतं.

त्यात भर म्हणजे थर ज्यावर ठेवलाय तो पदार्थ. खाली ग्राफीन असेल तर इलेक्ट्रॉनचा गॅप घटतो, एक्सायटॉनची पकडही घटते, आणि प्रकाशाचा आकडा जवळपास जागचा हलत नाही. म्हणून कोणत्या प्रयोगाशी तुलना करायची ते आधी ठरवा, पद्धत नंतर. आणि स्पिन-ऑर्बिट (इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा त्याच्या गतीशी असलेला संबंध) विसरू नका: या पदार्थात संयुजा (भरलेला) पट्टा के बिंदूपाशी, म्हणजे ब्रिलुआँ झोनच्या कोपऱ्यापाशी, सुमारे ०.१५ इलेक्ट्रॉनव्होल्टने दुभंगतो, टंगस्टन डायसेलेनाइडमध्ये त्याच्या जवळपास तिप्पट.

१२. दोन थर जवळ ठेवले तर ते एकमेकांपासून दूर पळतात. इनपुट चुकलंय का?

बहुतेक नाही. थरांना धरून ठेवणारं व्हॅन डर वाल्स आकर्षण पीबीईत जवळजवळ नाहीच. ग्रिमे यांची डी३ दुरुस्ती किंवा व्हॅन डर वाल्स फंक्शनल वापरा. एलडीए या पीबीईआधीच्या जुन्या अंदाजात ग्राफाइटचं अंतर छान येतं, पण ते वेगळ्या कारणाने, प्रश्न ११ मधल्या योगायोगासारखंच.

१३. फोनॉनच्या आलेखात ऋण वारंवारता आली. पदार्थ अस्थिर समजायचा का?

ती कुठे आली आणि किती, यावर सगळं अवलंबून आहे. थराला वर-खाली लवणारी एक हालचाल असते, तिची वारंवारता गॅमा बिंदूजवळ (ब्रिलुआँ झोनच्या केंद्राजवळ) तरंगसंख्येच्या वर्गाने वाढते, म्हणजे सुरुवातीला फारच चपटी असते. तिथे गणनेतला किंचित आवाजही आलेख शून्याखाली ढकलतो. कटऑफ वाढवा, बलांची मर्यादा कडक करा, फिरवलं तरी ऊर्जा बदलू नये हा नियम लावा. खड्डा आक्रसत गेला तर तो आकडेमोडीचा होता.

गॅमापासून दूर, काहीही केलं तरी न हलणारा खोल खड्डा मात्र खरी बातमी असते. नायोबियम डायसेलेनाइडमध्ये गॅमा ते एम या वाटेवर दोन तृतीयांश अंतराजवळ अशी मऊ हालचाल दिसते, आणि प्रत्यक्षातही तो पदार्थ थंड केल्यावर जवळपास तीन बाय तीनच्या नव्या रचनेत जातो. त्या दिशेने अणू थोडे सरकवा, मोठ्या कोठीत (गणनेसाठी घेतलेल्या, पुन्हापुन्हा मांडल्या जाणाऱ्या तुकड्यात) रचना पुन्हा शिथिल करा. काही वेळा प्रबंधाचं सर्वांत चांगलं प्रकरण त्यातूनच निघतं.

१४. फोनॉन स्वच्छ आहेत. मग पदार्थ प्रयोगशाळेत बनेलच ना?

तेवढ्यावर म्हणता येत नाही. स्वच्छ फोनॉन म्हणजे रचना ऊर्जेच्या एका खळग्यात आहे. शेजारी त्याहून खोल खळगे आहेत का, हे इतर संयुगांशी ऊर्जेची तुलना करूनच कळतं. हवेचा प्रश्न आणखी वेगळा: फॉस्फोरीन आणि क्रोमियम ट्रायआयोडाइड दोन्ही खरे आहेत, दोन्ही उघड्या हवेत खराब होतात. सिलिसीन २०१२ मध्ये मिळालं ते चांदीच्या पृष्ठभागावर वाढवलेलं. «आम्ही नवा पदार्थ शोधला» याऐवजी «तो स्थिर असण्याची ही ही लक्षणं दिसतात» असं लिहा.

१५. माझा थर खोलीच्या तापमानाला चुंबक राहतो असं उत्तर आलंय. छापू का?

आधी हे तापमान कसं काढलंत ते बघा. मर्मिन आणि वॅग्नर यांनी १९६६ मध्ये दाखवलं की द्विमितीत सर्व दिशा सारख्या असतील तर शून्याच्या वर कुठल्याही तापमानाला चुंबकीय क्रम टिकत नाही. तो टिकतो तो एखाद्या दिशेकडे ओढा असल्यामुळे, आणि ती ओढ ऊर्जेत इतकी बारीक असते की ढिल्या के-पॉइंटवर तिचं चिन्हही उलटू शकतं. मीन-फील्डचं (शेजाऱ्यांचा फक्त सरासरी परिणाम धरणारं) सूत्र तापमान बरंच फुगवून देतं. मॉन्टे कार्लो (यादृच्छिक आकड्यांवर चालणारं सिम्युलेशन) करा, त्यात ही ओढ घाला, आणि हबर्ड यू (एकाच अणूवरच्या इलेक्ट्रॉनांमधल्या प्रतिकर्षणासाठी हाताने घातलेला आकडा) बदलल्यावर उत्तर किती हलतं ते पेपरात दाखवा. २०१७ मध्ये क्रोमियम ट्रायआयोडाइडच्या एका थराचं मोजलेलं तापमान ४५ केल्विन आहे. तुमची पद्धत आधी तिथे लावून बघा.

१६. थराचा यंग गुणांक काढताना जाडी किती धरू?

शक्यतो धरूच नका. मीटरमागे न्यूटनमध्ये द्या. ग्राफीनचा २००८ मध्ये मोजलेला आकडा सुमारे ३४० न्यूटन प्रति मीटर आहे, त्याला ०.३३५ नॅनोमीटरने भागलं की सगळीकडे दिसणारा एक टेरापास्कल मिळतो. कोडच्या आउटपुटमध्ये भागाकार व्हॅक्यूमसह पूर्ण उंचीने झालेला असतो, तो आकडा जसाच्या तसा उचलू नका. डायइलेक्ट्रिक स्थिरांकालाही हेच लागू.

१७. मला मॅजिक अँगलवर काम करायचंय. डीएफटीने जमेल?

मॅजिक अँगल म्हणजे ग्राफीनचे दोन थर एकमेकांवर ठरावीक छोट्या कोनात फिरवणं. दोन मच्छरदाण्या एकीवर एक धरून जरा फिरवल्या की मोठी नक्षी दिसते, तसं इथे होतं. आणि ती नक्षीच आता तुमची एकक कोठी. १.०५ अंशाला ग्राफीनच्या दोन थरांच्या कोठीत ११,९०८ अणू येतात. प्रश्न ६ मधला घनाचा नियम लावून बघा. म्हणून लोक टाइट-बाइंडिंग (अणूमागे मोजकीच ऑर्बिटल धरणारी हलकी पद्धत) वापरतात, किंवा बिस्ट्रिट्झर आणि मॅकडॉनल्ड यांचं २०११ चं सातत्यक (एकेक अणू न धरता थर सलग मानणारं) प्रारूप. अतिवाहकता प्रयोगात २०१८ मध्ये एमआयटीत दिसली, सुमारे १.७ केल्विनला. थर आधी शिथिल करून घ्या: अणू बरोब्बर एकावर एक बसलेले भाग आक्रसतात आणि पट्ट्यांची रुंदी बदलते.

१८. मशीन लर्निंगमुळे डीएफटीची गरज संपेल का?

मशीन लर्निंगची पोटेन्शियल (अणूंमधली ऊर्जा आणि बलं सांगणारी प्रारूपं) शिकतात ती डीएफटीच्याच आकड्यांवरून, त्यामुळे शिकवणाऱ्यातली उणीव शिकणाऱ्यात उतरते. हजारो अणूंची हालचाल बघायला ती आज फार उपयोगी आहेत, जरूर शिका. शिकवणीत नसलेली रचना, एखादी कड किंवा गळलेला अणू समोर आला की मात्र काही नमुने डीएफटीने तपासा.

१९. माझा आकडा छापलेल्या आकड्याशी जुळत नाही. गाईड म्हणतात, जुळवून आण.

२०१६ मध्ये अनेक देशांतल्या गटांनी मिळून १५ कोड आणि त्यांतल्या ४० पद्धती ७१ मूलद्रव्यांवर तपासल्या. आजचे अचूक कोड एकमेकांशी उत्तम जुळतात असं त्यातून दिसलं. म्हणजे तुमच्या आणि त्यांच्या आकड्यात फरक असेल तर तो सेटिंगमध्ये असायची शक्यता जास्त, आणि तो शोधता येतो. आधी त्यांचाच लॅटिस स्थिरांक (स्फटिकाच्या कोठीची लांबी) घेऊन एक रन करा. मग स्यूडोपोटेन्शियल (अणूच्या आतल्या इलेक्ट्रॉनांच्या जागी वापरलेलं सोपं रूप), स्पिन-ऑर्बिट, व्हॅक्यूम, के-पॉइंट, एका वेळी एकच गोष्ट बदलत जा. ग्राफीनला नसलेला गॅप दिसत असेल तर जाळीत के बिंदू आहे का ते बघा. गॅमा-केंद्रित १२ बाय १२ मध्ये तो असतो, १० बाय १० मध्ये नसतो.

तरी फरक उरला तर त्या लेखकांना नम्रपणे लिहून इनपुट फाइल मागा, बहुतेक जण देतात. पण आकडा जुळेपर्यंत हबर्ड यू फिरवत बसू नका. प्रत्येक पायरीचा तक्ता करून गाईडसमोर ठेवा आणि म्हणा, «सर, फरक इथून सुरू होतो.» तक्ता समोर असला की बोलणं भौतिकशास्त्रावर येतं. तोच तक्ता पेपरच्या पुरवणीत घाला, आणि इनपुट फाइल सगळ्यांसाठी खुल्या ठेवा.